रुसकी पट्टी

नवीन पनवेल
८ जुलै २०२४

ती. सुनीताआत्यास,
वल्लरीचा साष्टांग नमस्कार.

काल तुला तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा तू "हॅलो, कोण? मोठ्याने बोल" एवढंच म्हणालीस. चौथ्यांदा मी इतकी मोठ्याने बोलले की खालच्या मजल्यावरच्या आजी वर येऊन विचारून गेल्या, कुणाला काय झालं. महाडची रेंज सुधारेपर्यंत आपण पत्रंच लिहू या. लहानपणी सुट्टीत तू मला पेटी शिकवायचीस तेव्हा अक्षरावरूनही रागवायचीस. आता बघ, सुधारलंय की नाही.

बातमी अशी की मी एप्रिलमध्ये बेलापूरची नोकरी सोडली आणि घरी पियानोचा क्लास काढला. निनाद म्हणाला, "कर, मी आहे." सासूबाई मात्र पियानोपायी हॉलमधला सोफा गेला तिथे अजून बसायला जातात. पियानो जुना आहे, लाकडी, उभ्या कपाटासारखा. तिसऱ्या मजल्यावर चढवताना हमालांनी मला जे काही म्हटलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

ऑफिसने माझी जागा डिसेंबरपर्यंत धरून ठेवलीय. म्हणजे क्लास चालला तर चालला, नाहीतर जानेवारीत मी पुन्हा एक्सेलच्या तक्त्यात. खरं सांगू, मला परत जायचं नाहीये. हे मी निनादलाही इतक्या स्पष्टपणे सांगितलेलं नाही.

विद्यार्थी नमुनेदार आहेत. आमच्याच टॉवरमधला शार्दूल, वय नऊ. सगळं दुप्पट वेगात वाजवतो, कारण संपलं की खाली क्रिकेट असतं. त्याची आई रुचिरा फार टापटिपीची. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "नोव्हेंबरच्या श्रेणी परीक्षेचा निकाल बघू, नाहीतर खारघरच्या अकॅडमीत घालू." टॉवरमधली बाकीची पाच पोरं तिच्याकडे बघून आली आहेत. ती गेली की सगळी जाणार.

दुसरे उदयसिंहराव, वय त्रेसष्ट, निवृत्त पोलीस इन्स्पेक्टर. मला "मॅडम" म्हणतात आणि आल्यावर जवळजवळ सलाम ठोकतात. बोटं केळ्यांसारखी. सूर वाजवत नाहीत, ताब्यात घेतात. बायकोला सांगितलंय की संध्याकाळी फिरायला जातो. लग्नाच्या वाढदिवसाला तिला एक गाणं वाजवून दाखवायचंय.

आणि समृद्धी. अकरा वर्षांची, उरणहून येते. आई गुणाबाई शनिवारी पनवेलच्या बाजारात मासळी घेऊन येते, पोरीला माझ्याकडे सोडते, विक्री संपली की घेऊन जाते. तिच्या शाळेतल्या कार्यक्रमात मी वाजवलं ते या पोरीने एकदा ऐकलं आणि आईच्या मागे लागली. घरी पियानो नाही. बाप विठू होडीवर असतो, त्याने फळीवर पट्ट्या रंगवून दिल्यात. त्यावर ती सराव करते, आवाज डोक्यात.

एक अडचण आहे. पियानोची मधली एक पट्टी दाबली की खालीच राहते. दमटपणाने लाकूड फुगतं म्हणतात. तुझ्या पेटीचं असं कधी झालं होतं का?

तुझी,
वल्लरी


महाड
२० जुलै २०२४

चि. वल्लरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर सुधारलंय, पण वेलांट्या अजून घाईत आहेत. फोनचं म्हणशील तर दोष फोनचाच. टॉवर डोंगराआड आहे.

नोकरी सोडलीस ते बरं केलंस की वाईट, हे डिसेंबरात कळेल. मी कोण सांगणार? पण ज्याला शिकवायची खोड लागली त्याला दुसरं काही गोड लागत नाही, हे मला माहीत आहे.

माझा गुरुवारचा वर्ग तसाच. ओसरीवर बायका जमतात, मी पेटी धरते, भजनं होतात, मग चहा, मग एकमेकींच्या सुना. हल्ली मी वाजवताना त्यांच्या तोंडांकडे बघते. ओठांवरून कळतं कोण कुठे आहे ते. तूही करून बघ.

आता पट्टीबद्दल. ती आधी दुरुस्त करून घे. हसण्यावारी नेऊ नकोस. तुला एक गंमत सांगते, कुणाला सांगू नकोस. मला अंतऱ्याआधी घसा खाकरायची सवय आहे, तुला आठवत असेल. मी वर्षानुवर्षं खाकरत आले. एकदा तालुक्याच्या भजनस्पर्धेत माझ्या बायका उभ्या राहिल्या. मुखडा असा झाला की सभागृह डोलायला लागलं. आणि अंतऱ्याआधी सगळ्याच्या सगळ्या जणी एकसाथ खाकरल्या. परीक्षकांना वाटलं गावात साथ आलीय. मी पेटीवर मान खाली घालून बसले ती बक्षीस समारंभापर्यंत वर काढली नाही.

तेव्हापासून मला ठाऊक आहे. आपण शिकवलेलं लोक विसरतात, न शिकवलेलं पाठ करतात. आडात नाही तर पोहऱ्यात येणार नाही हे खरं, पण आडात शेवाळ असलं तर तेही येतं, बाई. पट्टी दुरुस्त कर.

निनादला आशीर्वाद.

तुझी,
आत्या


नवीन पनवेल
२७ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न.

खाकरण्याची गोष्ट वाचून मी इतकी हसले की सासूबाईंनाही वाचून दाखवावी लागली. माफ कर, एकीलाच सांगितली.

ओठांकडे बघायची तुझी युक्ती लाखमोलाची. मी आता मुलांच्या बोटांकडे न बघता चेहऱ्यांकडे बघते. चूक होण्याआधीच चेहरा पडतो. इतक्या वर्षांनी तू नवीन तंत्र शोधतेस, मला तुझा हेवा वाटतो.

पट्टीचं मात्र ऐकलं नाही. म्हणजे ऐकायचं होतं. मुंबईचा ट्यूनर म्हणाला, पावसात हात लावत नाही, दिवाळीनंतर येतो. पनवेलमध्ये दुसरा कोणी नाही. परीक्षेच्या तुकड्यात तर तोच सूर पुन्हा पुन्हा येतो. मग मीच तोड काढली. पट्टी दाबायची आणि लगेच अंगठ्याने खालून टिचकी मारून वर उचलायची. जमलं की सूर पुढे चालू. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे अंगण खरंच वाकडं आहे आणि पोरं नाचतायत.

पहिल्यांदा ती अडकली तेव्हा समृद्धी म्हणाली, "बाई, ही रुसली." शार्दूलने लगेच तिचं नाव रुसूबाई ठेवलं. आता येताना सगळे आधी विचारतात, आज रुसूबाईचा मूड कसा आहे. गणपतीत शार्दूलने तिच्यापुढे मोदकही ठेवला. मुंग्या झाल्या.

मागच्या शनिवारी गुणाबाई पाटी खाली ठेवून म्हणाली, "बाई, आमची पोर जेवताना पन ताटावर बोटं मारते. आनि मदीच अंगठा असा वर उडवते. याला काय औशद हाय का नाय?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मंग ऱ्हाऊ दे. आमी आजून एक फळी रंगवतो, ही झिजली."

आत्या, त्या दिवशी मला वाटलं, हेच काम माझं. समृद्धीने त्या दिवशी तुकडा वाजवला आणि संपल्यावर हात मांडीवर ठेवून तशीच बसली. उदयसिंहराव दाराशी उभे होते. त्यांनी टोपी काढली. घालायला विसरून तशीच हातात घेऊन घरी गेले.

दिवाळीला ये ना. पळस्पे फाट्याला उतर, निनाद गाडी घेऊन येईल. तुला यांचं वाजवणं ऐकवायचंय.

तुझी,
वल्लरी


महाड
१४ ऑक्टोबर २०२४

चि. वल्लरीस,
अनेक आशीर्वाद.

अंगठ्याचं वाचून डोक्याला हात लावला. तुला पट्टी दुरुस्त कर म्हटलं होतं, पोरांना बिघडव असं नव्हतं म्हटलं. परीक्षेतल्या पियानोची पट्टी तुझ्या पट्टीसारखी रुसत नसेल. तिथे काय करतील?

तुझा अंगठा आणि माझं खाकरणं, आपलं घराणं एकच दिसतंय.

दिवाळीला येणं जमणार नाही. वर्ग आहे. बायका सोडत नाहीत. आणि ऐकवायचं म्हणतेस, ते पुढे कधीतरी बघू.

चकल्या सोनाबाईच्या हातून पाठवते. ती शेजारीण पनवेलला मुलाकडे येतेय. डबा परत कर.

तुझी,
आत्या


नवीन पनवेल
२५ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न.

तू म्हणाली होतीस. आता पुढचं वाच.

परीक्षा काल वाशीला झाली. माझ्याकडून शार्दूल, उदयसिंहराव आणि समृद्धी असे तिघेच बसले होते. एक मोठा हॉल, मध्यभागी काळा चकचकीत पियानो, त्यात तोंड दिसेल असा. परीक्षक एक बाई, पांढरे केस, चष्मा साखळीला. मी तिघांना आधीच बजावलं होतं, "या पियानोची एकही पट्टी रुसत नाही. अंगठा वापरायचा नाही." तिघांनी माना हलवल्या. उदयसिंहराव तर "येस मॅडम" म्हणाले. ते बाहेर बाकावर आठ-दहा वर्षांच्या पोरांमध्ये बसले होते, घाम पुसत. एका पोराने त्यांना विचारलं, "काका, तुम्ही कितव्यांदा बसताय?"

आधी शार्दूल गेला. दार अर्धं उघडं होतं. छान चालला होता, वेगही आवरला होता. तो सूर आला आणि त्याचा अंगठा खालून टिचकी मारून गेला. पट्टी आधीच वर. अंगठा हवेत. ताल चुकला. पुन्हा तो सूर, पुन्हा टिचकी.

मग उदयसिंहराव. त्यांच्या टिचकीने तर पियानो हलला की काय वाटलं. मग समृद्धी. ती इतकं सुंदर वाजवत होती, आत्या, की परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं होतं. आणि तिथेही टिचकी. पोरीच्या लक्षातही आलं नाही. आठवडाभर तिने फळीवर जे केलं तेच तिथे केलं.

बाईंनी बाहेर येऊन विचारलं, "यांच्या शिक्षिका कोण?" मी हात वर केला, शाळेतल्यासारखा. त्यांनी विचारलं, ही काय नवीन पद्धत आहे, कुठल्या परंपरेतली? मी खरं ते सांगितलं. त्यांनी मला पियानोवर बसायला सांगितलं, म्हणाल्या, दाखवा बरं. मी तोच तुकडा वाजवला. आणि माझाही अंगठा उडाला.

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. शार्दूलच्या आईने हे सगळं बघितलं. परतीच्या गाडीत ती फोनमध्ये बघत राहिली. गुणाबाईला वाटलं पोर नापास झाली. ती म्हणाली, "जाऊ दे बाई, रडू नका. आमची जाळी पन फाटते, आमी काय होडी विकतो?" मी रडत नव्हते. म्हणजे थोडी रडत होते.

निकाल महिन्याने. पण मला निकालाची गरज वाटत नाही. ज्या बाईला स्वतःचा अंगठा आवरत नाही तिने दुसऱ्यांच्या पोरांना काय शिकवायचं? समृद्धीचा बाप फळ्या रंगवतोय, आणि मी तिला काय दिलं, तर एका मोडक्या पट्टीची खोड. आज ऑफिसच्या साहेबांना फोन केला. जानेवारीच्या एक तारखेला ये म्हणाले. अजून हो म्हटलं नाही, पण म्हणेन.

डबा परत पाठवलाय. चकल्या छान होत्या.

तुझी,
वल्लरी


महाड
३ डिसेंबर २०२४

चि. वल्लरीस,
अनेक आशीर्वाद.

साहेबांना अजून हो म्हणू नकोस. आधी हे पत्र पुरतं वाच.

मी तुला काही सांगितलेलं नाही. महाडच्या रेंजला काही झालेलं नाही. माझे कान गेलेत. एकदम नाही, हळूहळू, तुला फोनवर ऐकू येईनासं झालं ते त्यातलंच. डॉक्टरने यंत्र दिलं, ते घातलं की पेटी पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. गुरुवारचा वर्ग मी दोन वर्षांपूर्वीच बंद केला. बायकांना सांगितलं, गुडघे दुखतात. तुला सांगितलं, वर्ग चालू आहे. ओठांकडे बघायचं तंत्र तू माझ्याकडून शिकलीस, ते तंत्र नव्हतं गं. नाइलाज होता. वर्गाच्या शेवटच्या दिवसांत मला तेवढंच उरलं होतं.

दोन वर्षं मी पेटीचं झाकण उघडलेलं नाही. वाटायचं, जे ऐकू येत नाही ते मी कशाला शिकवू. अगदी तुझ्यासारखं.

तुझं पत्र आलं तो गुरुवार होता. वाचून मी उदास बसले होते. सोनाबाई आली, डबा द्यायला. तिने माझं तोंड बघितलं आणि मला धरून दत्ताच्या देवळात नेलं. तिथे आता माझ्याच बायका भजन करतात. पेटी दुसरीच कोणीतरी धरते. मी खांबाच्या मागे बसले, कुणाला दिसू नये म्हणून. समोर टाळ हलत होते, तोंडं उघडमीट करत होती. कानात नुसता घोळ, सूर म्हणून एक लागत नव्हता. कोणतं भजन चाललंय, कुठे आलंय, काही कळेना. उठून जावं असं वाटलं.

तेवढ्यात सगळ्या बायकांनी एकदम हनुवट्या खाली केल्या आणि खाकरल्या.

मला कळलं, अंतरा आला. आणि अंतरा आला म्हटल्यावर भजन कोणतं तेही कळलं, कारण ते मीच बसवलं होतं. पुढचं सगळं मला डोक्यात ऐकू यायला लागलं, तुझ्या त्या फळीवरच्या पोरीसारखं. आणि गंमत बघ, खाकरणाऱ्यांत दोन नव्या मुली होत्या. मी त्यांना कधी बघितलेलंही नाही.

मी तिथे पुष्कळ रडले. आनंदाने रडले, हे सोनाबाईला पटेना.

वल्लरी, सूर तुझ्याकडून गेले असतील तर खोडही जाणार. ज्याच्याकडून काहीच जात नाही त्याची खोड तरी कोण उचलतं? तू त्या पोरीला काय दिलंस ते अंगठ्यावरून मोजू नकोस. परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं होतं, हे तूच लिहिलंयस.

आणि आता तरी ती पट्टी दुरुस्त कर.

तुझी,
आत्या


नवीन पनवेल
२६ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न.

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. आमटी उतू गेली. मग त्याच दिवशी साहेबांना फोन करून सांगितलं, येत नाही. तेव्हा निकाल अजून यायचाच होता. निनादला सांगितलं तर म्हणाला, "मला एप्रिलपासून माहितीय, तुलाच कळायचं होतं."

तू माझ्यापासून हे लपवलंस याचा मला राग आलाय. दोन वर्षं मी फोनवर ओरडत होते आणि तू डोंगराला दोष देत होतीस. त्याबद्दल प्रत्यक्ष भेटून भांडणार आहे.

निकाल परवा आला. तिघंही पास. उदयसिंहरावांना लिहिलंय, "आत्मविश्वास भरपूर, बळ कमी वापरावे." त्यांनी ते चौकटीत लावलंय आणि बायकोला खरं सांगून टाकलंय. ती म्हणाली, मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं, फिरायला जाणारा माणूस नखं कापून जात नाही. समृद्धीला पहिली श्रेणी. तिच्या कागदावर लिहिलंय, "ही मुलगी ऐकते." आणि तिन्ही कागदांवर शेवटची ओळ सारखी, "अंगठ्याची लकब सोडावी. तोवर लकबीसह पुढे जावे."

रुचिराने तिन्ही कागद शेजारीशेजारी ठेवून वाचले. मी म्हटलं, खारघरला जायचं असेल तर मी समजू शकते. ती म्हणाली, मी त्याला विचारलं होतं, तर तो म्हणाला, "तिकडे रुसूबाई नाहीये." मग ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं. शार्दूल राहतोय, म्हणजे बाकीचेही राहतायत.

ट्यूनर येऊन गेला. पट्टी आता शहाण्यासारखी वर येते. शार्दूल एक दिवस माझ्याशी बोलला नाही. कालपासून एक नवी मुलगी आलीय, सहा वर्षांची. तिने रुसूबाई कधी बघितलेली नाही. आज पहिलीच सरगम वाजवताना तो सूर आला आणि तिने अंगठा उडवला. मी विचारलं, हे कोणी शिकवलं? म्हणाली, शार्दूलदादा असंच करतो.

मी तिला अजून काही म्हटलेलं नाही. उद्या म्हणेन.

आत्या, आता तुझं काय? पेटीचं झाकण उघड. तुझे कान त्या बायकांकडे आहेत, हे तूच लिहिलंयस. मी संक्रांतीनंतर समृद्धीला घेऊन येते. तिला फळीवर वाजवायची सवय आहे, आवाजावाचून तिचं काही अडत नाही. तुमचं दोघींचं जमेल.

तुझी,
वल्लरी


महाड
१० जानेवारी २०२५

चि. वल्लरीस,
अनेक आशीर्वाद.

भांडायला ये. पोरीला घेऊन ये. तिच्या आईला सांग, सुकट आणली तर चालेल, मी शाकाहारी आहे पण सोनाबाई नाही.

काल गुरुवार होता. मी बायकांना ओसरीवर बोलावलं आणि कान गेल्याचं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, आम्हाला माहीत आहे, गुडघे दुखणारी बाई जिना चढून गच्चीत पापड वाळत घालत नाही. सगळ्या जगाला सगळं आधीच माहीत असतं, आपणच शेवटचे.

पेटी उघडली. भात्यात धूळ होती, पहिल्यांदा पेटीच शिंकली म्हण. मग सुरू झालं. मी ओठांकडे बघत वाजवत होते. मुखडा झाला. मी ठरवलं होतं, आज अंतऱ्याआधी खाकरायचं नाही, एवढं तरी सुधारायचं. ओठ घट्ट मिटून बसले.

सगळ्या थांबल्या. टाळ थांबले. कोणी अंतरा उचलेना. सगळ्या माझ्याकडे बघत बसल्या, वाट बघत.

मग मी खाकरले, आणि अंतरा सुरू झाला.

तुझी,
आत्या